टोळाची मागची काच

टोळाच्या पाच काचा काढून मी जिन्याच्या पायऱ्यांवर एकेक करून टेकवून ठेवल्या, तेव्हा सासूबाई वरून डोकावल्या आणि म्हणाल्या, "गाडी विकायला काढलीत की मोडीत?"

"हलकी करतोय, आई," हे गाडीच्या पोटातून म्हणाले.

"मग इंजिनच काढा. सगळ्यात जड तेच असतं."

या गोष्टीला आता सत्तेचाळीस वर्षं झाली. चष्मा कुठे ठेवला ते मला सकाळचं आठवत नाही, पण त्या तीन दिवसांतला स्क्रू न् स्क्रू आठवतो.

टोळ म्हणजे आमची दोन दारांची, बुटकी, हिरवी स्पोर्ट्‌स कार. कागदोपत्री ह्यांची, खरी माझ्या नणंदेची. नणंद ह्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान, तेव्हा तेविशीत होती. एका जागी पाच मिनिटं बसली तर ताप आला की काय म्हणून सासूबाई कपाळाला हात लावून बघायच्या. घरात तिला सगळे भिंगरीच म्हणत. खाली ह्यांचं गॅरेज, वर आम्ही चौघं, आणि वरच्या खिडकीशी माझं शिलाई मशीन. मी फ्रॉक आणि कोट शिवायची. लग्नाला दोन वर्षं झाली होती.

शहराबाहेर शर्यतींचा ट्रॅक होता. हंगामाच्या शेवटच्या रविवारी तिथे वेळेची चाचणी असे. प्रत्येकाला तीन फेऱ्या. त्यातली एक जरी दीड मिनिटाच्या आत झाली तर पुढच्या वर्षी वरच्या गटात जागा, म्हणजे खऱ्या शर्यती. तीन हंगामांत जमलं नाही की यादीतून नाव काढून टाकायचे, पुन्हा घ्यायचे नाहीत. भिंगरीचा हा तिसरा हंगाम होता. तिची आजवरची सगळ्यात चांगली फेरी एक मिनिट, तीस सेकंद आणि वर आठ दशांश.

"आठ दशांश म्हणजे किती गं?" मी तिला विचारलं होतं.

"वहिनी, सुईत ओवायच्या आधी तू दोरा ओठाला लावतेस ना? तेवढ्यात गेले बघ आठ दशांश."

तेवढ्यासाठी तिची झोप उडाली होती. ह्यांनी इंजिन दोनदा खोललं, चाकं बदलली, मागची सीट काढली. मग एक दिवस जेवताजेवता घास हातातच ठेवून म्हणाले, "काचा."

"काचांचं काय?"

"काच जड असते आणि गाडीत ती असते वरच्या बाजूला. डोक्यावर टोपली घेऊन वळणावर पळून बघ, टोपली तुला बाहेर ओढते. तसं गाडीचं होतं. समोरची काच खरीच ठेवायची असा नियम आहे, पण बाकीच्या पाच, म्हणजे दारांच्या दोन, बाजूंच्या छोट्या दोन आणि मागची मोठी, प्लॅस्टिकच्या चालतात. विमानाच्या खिडक्यांसारख्या."

भिंगरी ताटावरून उठलीच. "दादा, आत्ता काढूया?"

"आधी भात संपव," सासूबाई म्हणाल्या. "तुझंही वजन मोजतील, तिथे कमी भरलीस तर काय करशील?"

तिथे माणसाचं वजन कुणी मोजत नव्हतं. पण काचांचं आम्ही मोजलं. घरातल्या वजनकाट्यावर हे एकेक काच पोटाशी कवटाळून उभे राहिले. पाच काचा आणि दारांतली काच वरखाली करायची यंत्रं, सगळं मिळून चोवीस किलो. प्लॅस्टिकच्या पाच मिळून सहा किलो होणार होत्या.

"अठरा किलो वाचले!" भिंगरी ओरडली.

"अठरा किलो म्हणजे शेजारणीचा धाकटा," सासूबाई म्हणाल्या. "इतके दिवस त्याला डोक्यावर घेऊन पळत होतात होय?"

शुक्रवारी सकाळी प्लॅस्टिकची मोठी शीट आली, दोन्ही अंगांना पातळ निळा कागद चिकटवलेली. दारांच्या काचा जवळजवळ सपाट होत्या. त्या शीटवर ठेवून पेन फिरवलं की झालं. अडलं ते मागच्या मोठ्या काचेपाशी. ती चहूकडून गोलाई घेतलेली. सपाट शीटवर ठेवली की मधोमध टेकायची आणि कोपरे हवेत. हे पुठ्ठ्याचे साचे कापत बसले. पहिला साचा डावीकडे तोकडा, दुसरा उजवीकडे, तिसरा दोन्हीकडे.

"सरका," मी म्हटलं.

"तुला काय येतंय यातलं?"

"खांद्याची गोलाई सपाट कापडावर उतरवायची असते, तेच मी रोज करते. तुमच्या गाडीचा खांदा जरा मोठा आहे, एवढंच."

खाकी कागद घेतला, चौकटीवर ताणून चिकटपट्टीनं बसवला आणि कडेकडेनं बोटाचं नख फिरवत गेले. जिथे कागद सुरकुतला तिथे चूण धरली, खूण केली, चूण सोडली. तासाभरात कागद उतरवला तेव्हा तो आमच्या टोळाच्या पाठीला असा बसत होता की ह्यांनी त्याच्यावरून दोनदा हात फिरवला. मग म्हणाले, "बाहेर कुणाला सांगू नकोस, नाहीतर सगळी गॅरेजं तुला पळवतील."

ते दोन दिवस आमच्या घरी जत्राच होती म्हणा ना! भिंगरी बारीक दातांच्या करवतीनं शीट कापायची आणि पांढरा भुसा तिच्या भुवयांवर बसायचा. मी कडा पॉलिश पेपरनं घासायची, कारण कड खडबडीत राहिली की तिथूनच चीर सुरू होते. सासूबाई कामात हातभार म्हणून पेट्रोलचा बोळा घेऊन शीट पुसायला निघाल्या, तर हे एवढ्या मोठ्यानं ओरडले की समोरच्या घरातल्या खिडक्या उघडल्या. पेट्रोलनं प्लॅस्टिकचा घात होतो, साबणाचं पाणी तेवढं चालतं. "मग आधी सांगायचं," त्या म्हणाल्या, "मी काय मनकवडी आहे?"

स्क्रूच्या भोकांची गंमत मला फार आवडली. स्क्रूपेक्षा भोक मुद्दाम मोठं पाडायचं.

"उन्हात हे फुगतं, सावलीत आक्रसतं," हे म्हणाले. "त्याला हलायला जागा हवी. म्हणून स्क्रू आवळायचाही नाही. टेकला की अर्धा फेरा मागे."

"म्हणजे शिवणीत माया सोडतो तशी."

"तशीच. मग मागची काच तूच बसव. मी दारांच्या बघतो."

शनिवारी दुपारी मी मागची काच बसवली. भिंगरीनं आणि मी दोन्ही टोकांना धरून ती हळूच वाकवली, छातीनं दाबून चौकटीत बसवली. अठ्ठावीस स्क्रू. टेकला की अर्धा फेरा मागे. भिंगरी टाळ्या वाजवत ट्रॅकचा नकाशा पाठ करायला वर पळाली.

आणि मी त्या अर्धवट सोडलेल्या स्क्रूंकडे बघत उभी राहिले.

मला ते बघवेनात. आमच्या गॅरेजचा स्क्रू कधी सुटला असं म्हणणारा माणूस अजून जन्मायचा होता. त्याचं कारण शेल्फावरची निळ्या औषधाची बाटली. स्क्रूच्या आट्यांवर एक थेंब लावला की स्क्रू आत धरून बसतो, गाडी कितीही हादरो. ह्यांनी मला लग्नानंतर पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट ती: या घरातून एकही स्क्रू थेंबाशिवाय बाहेर जात नाही. आणि इथे तर अठ्ठावीस स्क्रू सैल, गाडी ताशी दीडशेनं पळणार, आत आमची पोर. हे गाडीखाली पडून ब्रेक बघत होते. त्यांना कशाला उठवायचं? मी एकेक स्क्रू काढला, एकेक थेंब लावला, परत बसवला, अर्धा फेरा मागे घेतला. अठ्ठाविसाव्यानंतर हात पुसले, गाडीवर चादर टाकली आणि गाणं गुणगुणत वर गेले.

रविवारी सकाळी आठला ट्रॅकवर तपासणी होती. तपासनीस साहेब उंच, सुकलेले, गळ्यात दोरीनं लटकवलेला चष्मा. त्यांनी दारांच्या काचा सरकवून बघितल्या, मान डोलावली. ह्यांची छाती दोन इंच फुगली. मग साहेब मागे गेले, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"ही काच कुणी बसवली?"

मी पुढे होऊन बघितलं. प्रत्येक स्क्रूभोवती बारीक पांढऱ्या चिरा, कोळ्यानं जाळी विणावीत तशा. अठ्ठावीस स्क्रू, अठ्ठावीस जाळी. एक चीर तर नखाएवढी लांब गेली होती.

"स्क्रूंना काही लावलं होतं का?" साहेबांनी विचारलं.

"औषध," मी म्हटलं. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हटलं. "निळं औषध लावलं. मी लावलं. ह्यांनी नाही."

"बाई, ते लोखंडाचं औषध. ते प्लॅस्टिकला लागलं की प्लॅस्टिक भोकापासून तडकतं. बाटलीवर लिहिलेलं असतं."

हे डोकं खाजवत म्हणाले, "असतं खरं, अगदी बारीक अक्षरात. मी कधी वाचलं नाही, साहेब. आजवर गॅरेजात प्लॅस्टिक आलंच नव्हतं. आणि तिला थेंबाची सवय मीच लावली."

"सवय चांगली आहे, जागा चुकली," साहेब म्हणाले. "ही काच वेगात उखडून मागच्याच्या तोंडावर जाईल. शिक्का देता येत नाही. बारा वाजता ट्रॅक बंद होतो. त्याआधी धड काच दाखवा, मी शिक्का मारतो."

"काचेशिवाय जाऊ?" भिंगरीनं विचारलं.

"मागे भगदाड ठेवून? नाही."

घरी जाऊन जुनी काच आणायची तर जायला दीड तास, यायला दीड तास, वर बसवायला दोन. साडेआठ झाले होते.  भिंगरी मला बोलली असती, भांडली असती, तर बरं झालं असतं. ती नुसती टोळाच्या चाकाशी उकिडवी बसली आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागली. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "अति तिथं माती." आणि मग माझा चेहरा बघून, "माझाही हात तसाच आहे, सूनबाई. मीठ दोनदा पडतं."

मी त्या काचेभोवती दोन फेऱ्या मारल्या. चिरा सगळ्या कडेला होत्या. मधला भाग ठणठणीत. कोटाची कड उसवून विरली की आपण कोट टाकतो का?

"अहो," मी म्हटलं, "कड कापून टाका."

"कापली तर काच चौकटीला पुरायची नाही."

"पुरेल. चौकटीची पायरी केवढी रुंद आहे बघा. दीड बोट. अर्ध्याहून थोडं जास्त कापलं तरी काच आतल्या बाजूला टेकतेय. तिला भोक पाडायचंच नाही. वरून गोट लावायचा."

"गोट?"

"गोट! पट्टी! गळ्याला लावतो तशी! पट्टी अर्धी काचेवर, अर्धी बाहेर. स्क्रू पट्टीतून जाईल, काचेच्या बाहेरून, तुमच्याच जुन्या भोकांत. पट्टीच काच दाबून धरेल. काच आतल्या आत हवी तेवढी हलू दे!"

ह्यांनी चौकटीच्या पायरीवर दीड बोट टेकवून बघितलं. मग भिंगरीनं मान वर केली. "दादा, हे जमतंय."

"जमतंय, पण पट्टी? दहा फूट पट्टी आणू कुठून इथे?"

आम्ही तिघांनी एकदमच सासूबाईंकडे बघितलं. त्या आपल्या घडीच्या टेबलावर डबे मांडत होत्या. टेबलाला चारी बाजूंनी अॅल्युमिनियमची रुंद चपटी पट्टी ठोकलेली होती, चकचकीत.

"काय बघताय?" त्या म्हणाल्या. आणि मग, "नाही हं! माझ्या टेबलाला हात लावायचा नाही! अरे, डबे तरी उचलू दे मेल्यांनो!"

त्यापुढचे तीन तास मला मिनिटामिनिटानं आठवतात. आधी अठ्ठावीस स्क्रू सोडवून काच खाली उतरवली. भिंगरीनं करवतीचं पातं फडक्यात गुंडाळून हातात धरलं आणि कड कापायला घेतली. मी तिच्यापुढे खूण आखत चालले. ती इतकी माझ्या मागे लागून येत होती की दोनदा पातं माझ्या नखाला घासलं. ह्यांनी पट्टी सोलून काढली आणि भोकं पाडायला बसले. कुणाची तरी सायकलची फुटकी ट्यूब मिळाली, ती कापून पट्टीखाली रबर घातलं. कोपऱ्यांत पट्टी वळेना, तेव्हा मी म्हटलं, "कात्रे मारा."

"लोखंडी कात्रीनं?"

"ज्यानं जमेल त्यानं! आतल्या अंगाला कात्रे मारले की पट्टी वळते. गोल गळा आहे तो!"

त्यांनी कात्रे मारले. पट्टी वळली. शेजारच्या गाडीचा मेकॅनिक हातातला पाना विसरून आमच्याकडे येऊन उभा राहिला. "बाई कोणत्या गॅरेजच्या?" त्यानं ह्यांना विचारलं.

"माझ्या," हे म्हणाले. "नजर लावू नकोस."

"आणि वजन?" मी विचारलं. "पट्टीचं वजन वाढलं ना?"

"किलोभर," भिंगरी म्हणाली. "सकाळपासून मी चहा प्यायले नाही, घामानं निम्मी झाले. फिटलं."

अकरा वाजून वीस मिनिटांनी शेवटचा स्क्रू बसला. थेंबाशिवाय. हे स्वतः तो लावून म्हणाले, "पट्टीवर हवा तेवढा आवळा, काचेला त्रास नाही." साहेबांना बोलावलं. त्यांनी आतून दोन्ही तळहात लावून काच ढकलली. पुन्हा ढकलली. मग गुडघा लावून ढकलली. काच जरा दबली आणि होती तिथे परत आली.

"हे काय केलंय?"

"गोट लावलाय," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या टेबलाचा."

साहेबांनी शिक्का मारला. त्यांचा चेहरा तसाच सुकलेला, पण शिक्का मारताना त्यांनी तो दोनदा दाबला.

भिंगरी सगळ्यात शेवटी ट्रॅकवर गेली. मी वेळ घेणाऱ्यांच्या खोलीबाहेर उभी होते. तिथे एका काळ्या फळ्यावर खडूनं वेळ लिहायचे. पहिली फेरी: एक मिनिट, एकतीस. टायर थंड होते, हे म्हणाले. दुसरी: एक मिनिट, तीस, आणि वर दोन दशांश. आजवरची तिची सगळ्यात चांगली! पण पुरेशी नाही. सासूबाईंनी माझं मनगट धरलं होतं ते सुटता सुटेना.

तिसऱ्या फेरीला ह्यांनी डोळे मिटून घेतले. ते गाडी बघत नसत, ऐकत. "चौथा गिअर… ब्रेक… तिसरा… आता मोठं वळण. इथे ती नेहमी पाय उचलते. इथेच तिचे आठ दशांश जातात."  टोळाचा आवाज लांबून एकसारखा चढत आला. चढतच राहिला.

"उचलला नाही!" हे ओरडले. "पाय उचलला नाही तिनं! गाडी हलकी लागली तिला, तिला कळलं!"

हिरवा ठिपका वळणातून बाहेर फुटला, मोठा झाला, आमच्यासमोरून सण्णकन गेला. मागची काच जागच्या जागी होती. वेळ घेणारा गृहस्थ घड्याळाकडे बघत राहिला. किती वेळ बघतोस रे बाबा! मग तो खडू घेऊन फळ्याकडे गेला आणि लिहिलं: एक. एकोणतीस. नऊ.

"किती? किती?" सासूबाई विचारत होत्या. त्यांना लांबचं दिसत नसे. आणि मी नुसतं फळ्याकडे बोट दाखवत होते.

भिंगरी आमच्याकडे आलीच नाही. तिनं टोळ लांब भिंतीशी नेऊन उभा केला, इंजिन बंद केलं आणि आत बसून राहिली. तिला फळा दिसला नव्हता. मी धावत सुटले. मागे हे, त्यांच्या मागे सासूबाई. गाडीपाशी पोचेपर्यंत माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तिनं दाराची काच सरकवली, माझ्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा पडला.

"रडू नकोस, वहिनी. तुझ्यामुळे नाही झालं. काच मस्त होती. मीच कुठेतरी कमी पडले. पुढच्या वर्षी माझं नाव यादीतही नसेल…"

"अगं, पुढच्या वर्षी तू वरच्या गटात आहेस!"

"काय?"

"एकोणतीस, नऊ! फळ्यावर लिहिलंय!"

"खोटं."

"सासूबाईंची शपथ!"

"माझी कशाला?" धापा टाकत मागून आवाज आला. "स्वतःच्या आईची घे की!"

भिंगरीनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तिच्या दादाकडे. ह्यांनी दोन्ही हातांचे पंजे तिच्यासमोर धरले, एक अंगठा मिटून. नऊ. आणि ती पोर, दार उघडून बाहेर यायचं सोडून, दोन्ही हात हॉर्नवर ठेवून तो दाबतच बसली. सगळा ट्रॅक आमच्याकडे बघेपर्यंत, आणि त्यानंतरही.